सैनिकाच्या शेवटच्या पत्रावरची कविता खोटी का वाटते

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताई, तुम्ही सैनिकाच्या घरी आलेल्या शेवटच्या पत्रावर कविता लिहिताय. दोन-तीन ड्राफ्ट झालेत, ऐकणारे रडतात पण तुम्हाला स्वतःला ती खोटी वाटतेय. दुसरं म्हणजे शेवटाला युद्ध व्यर्थ आहे असं आलं की आर्मीतून रिटायर झालेले तुमचे मामा नाराज होतात, त्यांच्या मते हा गेलेल्यांचा अपमान आहे. आणि तिसरं, छंदात लिहू की मुक्तछंदात. सोबत तुम्ही या दोन ओळी दिल्यात:

आई, आता तुझ्या कुशीत मी येणार नाही,
तिरंग्यात लपेटून येईन, तू रडणार नाहीस ना?

ओळी मनापासून आल्यात हे कळतं. मी बरीच वर्षं कवितेच्या कार्यशाळा घेतोय, दिवाळी अंकांसाठी कविता निवडायला बसतो, तिथं या विषयाच्या कविता ढिगानं येतात आणि जवळपास सगळ्यांत हाच जवान असतो. त्याला माहीत असतं की आपण मरणार. खोटेपणा तिथून शिरतो असं माझं स्पष्ट मत आहे, शब्द कमी-जास्त करून तो जाणार नाही.

तुमचा जवान कवितेचा शेवट आधीच वाचून आलाय आणि मग पत्र लिहायला बसलाय. त्याला पेटी दिसतेय, तिरंगा दिसतोय, आईचं रडणं ऐकू येतंय, सगळं त्याला ठाऊक. खऱ्या पत्राला बहुतेक वेळा यातलं काहीच ठाऊक नसतं. ते साधं पत्र असतं, त्याच्या आधीच्या पत्रासारखंच, पुढचं आलं नाही म्हणून घरच्यांनी ते मागाहून शेवटचं ठरवलेलं असतं. वाचकाला माहीत आहे आणि लिहिणाऱ्याला माहीत नाही, या दोघांच्या मधल्या जागेत ही कविता घडते. तुम्ही ते गुपित जवानाला सांगून टाकलंत की ती जागाच उरत नाही, मग भरपाई म्हणून अश्रू, कूस, तिरंगा असे जड शब्द आणावे लागतात.

आता बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. कोणतं युद्ध, कोणतं साल, माणूस शिकलेला की अंगठेबहाद्दर, पत्र कुणाला लिहिलंय, घरी वाचणारं कोण होतं, यावर पत्राचा अख्खा सूर बदलतो. १९१६ सालच्या शिपायाचं पत्र आणि कारगिलच्या अधिकाऱ्याचं पत्र एका भाषेत लिहून चालणार नाही. तुमच्या ओळींमधून मला सालच कळलं नाही. तो माणूस कधीचाही असू शकतो, म्हणून तो कुणीच नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो कारण त्यात सगळं दिसतं. विल्फ्रेड ओवेन हा इंग्लिश कवी, पहिल्या महायुद्धात अधिकारी होता, युद्धाच्या विरोधात त्याच्याइतकं धारदार क्वचितच कुणी लिहिलं असेल. ‘व्यर्थता’ अशाच अर्थाच्या नावाची त्याची एक कविताही आहे. त्याचं आईला लिहिलेलं शेवटचं पत्र ३१ ऑक्टोबर १९१८ चं आहे, फ्रान्समधल्या ओर्स गावाजवळच्या एका घराच्या तळघरातून लिहिलेलं. आता असा कवी शेवटच्या पत्रात काय लिहील असं आपल्याला वाटतं? प्रत्यक्षात त्यानं लिहिलंय की तळघरात इतका धूर झालाय की फूटभर लांबच्या मेणबत्तीच्या उजेडातही धड दिसत नाही, आणि इतकी माणसं कोंबलीत की कोपरं लागून नीट लिहिता येत नाही. एक मोठ्या मिशांचा जुना शिपाई बटाटे सोलून भांड्यात टाकतोय आणि त्याचं पाणी याच्या हातावर उडतंय. कुणी लाकडं फोडतंय, कुणी ओली लाकडं चुलीत सारतंय, सगळे हसतायत. इथं धोका नाही, असलाच तर तू हे वाचशील तोवर टळून गेलेला असेल, असं आईला सांगितलंय आणि माझ्याभोवती आहेत इतके चांगले मित्र तुला भेटायला येणं शक्य नाही अशा अर्थाचं काहीतरी म्हटलंय. संपलं पत्र.

४ नोव्हेंबरला सकाळी कालवा ओलांडायच्या लढाईत तो गेला, वय २५. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. श्रूझबरी गावात शांततेच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार आली.

बघा, पत्रात व्यर्थतेचा एक शब्द नाही. ती तारखांमध्ये आहे. ३१, ४, ११. युद्ध संपायला एक आठवडा राहिला होता. याच्यावर कविता लिहायची तर मी बटाट्याचं पाणी उडतंय तिथपर्यंत लिहीन, खाली तारीख घालीन आणि घंटांना एक ओळ देईन, कोण चूक कोण बरोबर हे सांगायला कवीनं मध्ये यायची मला गरज वाटत नाही. (जाता जाता, त्याच्या खिशातल्या वहीत टागोरांच्या गीतांजलीतल्या निरोपाच्या ओळी लिहिलेल्या सापडल्या आणि त्याच्या आईनं १९२० मध्ये टागोरांना तसं पत्रानं कळवलं. दूरच्या एका घरातल्या आईनं आपल्याकडच्या कवीला लिहावं, मला ते नेहमी फार जवळचं वाटत आलंय.)

आता आपल्या माणसांकडे येऊ. त्याच युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांच्या वर माणूस समुद्रापार गेला, ७४ हजारांच्या आसपास मेले. त्यातले कितीतरी निरक्षर. म्हणजे पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, मध्ये उघडून बघणारा सेन्सॉर तिसरा आणि गावात मोठ्यानं वाचून दाखवणारा मास्तर किंवा पोस्टमन चौथा. आईच्या कानात थेट बोलल्यासारखं पत्र लिहिणं त्या माणसाला शक्यच नव्हतं. फ्रान्समध्ये गेलेल्या हिंदी फौजेच्या टपालावर १९१४ च्या शेवटी खास सेन्सॉर बसवला, पत्रांतले उतारे इंग्रजीत करून वर रिपोर्ट जायचे, आणि आज त्या माणसांचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो त्या रिपोर्टांमुळंच, मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. त्याच सेन्सॉर अधिकाऱ्यानं एका रिपोर्टात लिहून ठेवलंय की बरेच शिपाई पत्रात मध्येच कवितेत बोलायला लागतात आणि हे मन अस्वस्थ झाल्याचं, काळजी करण्यासारखं लक्षण आहे. कविता करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य लक्षात ठेवावं असं मला वाटतं. माणूस साध्या भाषेत जे सांगू शकत नव्हता, सांगितलं तर पत्र अडकलं असतं, तिथं तो ओव्या-दोह्यांकडे वळत होता.

तो काहीच बोलत नव्हता असंही नाही. जानेवारी १९१५ मध्ये एका जखमी राजपुतानं लिहिलंय की हे युद्ध नाही, जगाचा शेवट आहे, महाभारतात सांगतात तसलं चाललंय. म्हणजे सैनिकाच्या तोंडी युद्धाविरुद्ध शब्द घालूच नका असा माझा नियम नाही. फक्त तो कुठल्या शब्दांत बोलेल ते बघा. हा माणूस मानवता, शांतता असलं काही म्हणत नाही, लहानपणी ऐकलेल्या कथेत जाऊन तिथून बोलतो. आणि काहीजण तर मसाल्यात बोलत होते. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची काढलीय, असं घरी लिहायचं. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. घरच्यांनी काय ते समजायचं आणि धाकट्याला भरतीला पाठवायचं नाही. हे सेन्सॉरलाही कळत होतं म्हणा.

हे वाचून मराठी माणसाला पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती भेलशाकडे सावकाराचा कागद पडतो: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत आपल्याला मोती कोण ते शिकवतात, विश्वासराव आणि भाऊ. मोहरा कोण याचीही चर्चा होते. माझं म्हणणं असं की तुमची कविता त्या खुर्द्याची, म्हणजे साध्या शिपायांची आहे. ज्याची गणती नाही त्यानं पण कुठंतरी, कुणाकडून तरी, घरी काहीतरी निरोप धाडला असेल, घोड्याचा, वैरणीचा, पैशाचा, आणि तो कुणी जपून ठेवलेला नाही.

मग व्यर्थता कशी आणायची, आणि मामांचं काय करायचं, हे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात.

मामांना काय ऐकू येतं ते आधी समजून घ्या. तुम्ही ‘युद्ध व्यर्थ’ म्हणता तेव्हा त्यांना ‘तुमचा अमुक मित्र फुकट गेला’ असं ऐकू येतं, आणि ते ज्यानं मित्राला उचलून आणलंय त्याला सहन होणार नाही, होऊही नये. त्यात तो शब्द म्हणणारे आपण कोण, आपण घरात पंख्याखाली बसून म्हणतोय. माझ्या कार्यशाळांना माजी सैनिक येतात अधूनमधून. निष्कर्षाचा शब्द आला की ते गप्प होतात, हाताची घडी घालतात. आणि तुम्ही नुसतं विचारा, टपाल कधी यायचं हो, की तास-तास बोलतात. एका सुभेदारांनी सांगितलं होतं, उजव्या हाताला पट्टी होती म्हणून पत्र शेजारच्या जवानाकडून लिहून घेतलं, घरून उलट टपाली विचारणा आली की अक्षर वेगळं का दिसतंय, तर यांनी पुढच्या पत्रात लिहिलं, पेन बदललाय. बस एवढंच. मला सांगा, युद्धाबद्दल यापेक्षा जास्त आपण दहा कडव्यांत काय सांगणार आहोत? त्यामुळं कविता पसंत करून घ्यायला मामांकडे जाऊ नका, माहिती विचारायला जा. त्यांनी घरी काय लिहिलं नाही ते विचारा. तुमची अर्धी कविता तिथं आहे.

आणि व्यर्थतेसाठी विशेषणं शोधत बसण्याऐवजी एखादी घटना नीट समजून घ्या. मेसोपोटेमिया घ्या, आत्ताचा इराक, आपल्या मराठा पलटणी तिथं होत्या. कुत-अल-अमारा हे टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव इंग्रजांच्या फौजेनं सप्टेंबर १९१५ मध्ये जिंकलं. बगदादकडे गेले, मार खाऊन परत त्याच गावात आले, डिसेंबरात तुर्कांचा वेढा पडला. आत १०३, ११०, ११७ अशा मराठा पलटणींची माणसं. खायला संपत आलं, घोडी कापायला लागले, आपल्यातले कितीतरी घोड्याचं मांस खाईनात. त्यांना सोडवायला बाहेरून फौज चालून आली, वारंवार आली, आणि वेढ्यातल्या साधारण १३ हजारांना सोडवायच्या प्रयत्नात बाहेरचे २३ हजारांच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग कैदेत पायपीट, वाटेत आणि छावण्यांत आणखी मेले. आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये तेच गाव परत इंग्रजांकडे आलं. हे मी कुठलंही विशेषण न लावता सांगितलंय. तुम्हाला ‘व्यर्थ’ हा शब्द लिहायची गरज वाटली का?

याच्या पुढची गोष्ट तर मला अजून बोचते. त्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही त्यांचं बसऱ्याला स्मारक आहे, १९२९ मध्ये उघडलेलं, ४० हजारांच्या वर माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचे फक्त आकडे. पलटणीचं नाव, दोन-चार नावं आणि खाली ‘इतर इतके हिंदी शिपाई’. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थच्या आयोगानं २०२१ मध्ये या असल्या भेदभावाबद्दल अहवाल काढून माफी मागितली. आपल्याकडेही साताऱ्या-रत्नागिरीकडच्या जुन्या गावांत संगमरवरी पाट्या दिसतात बघा, चावडीत नाहीतर देवळाच्या भिंतीत, की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, आकडेच. पानिपतावर खुर्द्याची गणती नव्हती, बसऱ्याला गणती केली पण नाव नाही दिलं. तुमच्या कवितेतल्या माणसाला निदान नाव द्या, गाव द्या, त्याच्या म्हशीलाही नाव द्या.

म्हशीवरून आठवलं, आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल बोलतो.

तुमचं पत्र आईला आहे. ठीक आहे, पण जुन्या काळातलं असेल तर ते बहुधा वडलांच्या नावे असतं. तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवत जाणे. आईसाठी मध्येच एक ओळ, आईस नमस्कार सांगणे. आणि बायकोसाठी? काहीच नाही. कारण पत्र सोप्यात बसून सगळ्या घरासमोर मोठ्यानं वाचलं जाणार, सासू-सासरे, दीर, शेजारचे दोघं. तिचं नाव पत्रात येणार नाही. मग तो काय करायचा, तर पोराची चौकशी करायचा, लहानग्याचा खोकला कसा आहे. शेरडा-करडांची चौकशी करायचा, म्हशीचं दूध काढायला वेळ लागतो का म्हणून विचारायचा, जी म्हैस घरात फक्त तीच पिळते. दाराआड उभं राहून ऐकणाऱ्या बाईला बरोबर कळायचं की हे वाक्य कुणाचं आहे. तुमच्या कवितेचं काळीज मी तिथं ठेवीन. आई-मुलाचं नातं या विषयात इतक्या लोकांनी लिहून झालंय की तिथं नवीन काही दिसायला फार कष्ट पडतात, आणि बायको मात्र कवितेत येते ती फक्त कुंकू पुसायला. तिला पत्र ऐकू द्या एकदा.

मी तुमच्या ओळी बदलून लिहिणार नाही, ती तुमची कविता आहे. पण सूर कसा असावा ते दाखवायला नमुना म्हणून हे घ्या:

पत्र पावलं. म्हशीला रेडा झाला का पारडी
ते लिहायचं राहिलंय.
वरच्या वावराचा बांध फुटलाय म्हणता,
तात्यांनी एकट्यानं घालू नये,
मी आलो की घालू.
सोसायटीचा हप्ता दिवाळीनंतर बघू.
इकडं थंडी आहे, बाकी ठीक.
ता. क. लहान्याला चपला घेऊन ठेवू नका,
पाय वाढत असतो, मी आल्यावर माप घेऊ.

यात मरण कुठं आहे? ‘मी आलो की’ यात आहे, आणि चपलेच्या मापात आहे. कवितेच्या शीर्षकात किंवा खाली एका ओळीत आपण वाचकाला फक्त एवढंच कळू द्यायचं की हा आला नाही. जास्त काही नाही. ता. क. ही तर या प्रकारात फार मोठी सोय आहे. पत्र संपलं असं वाटतं आणि माणूस आणखी एक वाक्य बोलतो, जे खरं त्याला बोलायचं होतं, म्हणून शेवटाला घोषणा ठेवायची सवय असेल तर ती काढून तिथं ता. क. ठेवून बघा.

आणखी एक युक्ती आहे, थोडी वेगळी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर वाक्यं आधीच छापलेली: मी बरा आहे. मला इस्पितळात दाखल केलंय. आजारी, जखमी. तुमचं पत्र, तार, पार्सल मिळालं. सवड मिळताच पत्र लिहितो. तुमचं पत्र आलेलं नाही, हल्ली, बऱ्याच दिवसांत. जवानानं नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख, आणि वर ताकीद की दुसरं काहीही लिहिलंत तर कार्ड फाडून टाकण्यात येईल. ओवेननं आईशी ठरवून ठेवलं होतं की ‘मला तळावर पाठवताहेत’ हे वाक्य दोन रेघांनी खोडलेलं दिसलं तर समज, मी आघाडीवर आहे. दोन रेघांत अख्खी बातमी. अशा कार्डावर कविता रचता येते, छापील ओळी ठेवायच्या आणि काय खोडलंय ते दाखवायचं. आमच्या कार्यशाळेत हा प्रयोग नवख्या मुलांनी केला तेव्हा ज्यांच्या कविता भाषणासारख्या व्हायच्या त्यांच्याही नीट आल्या, कारण बोलायला जागाच नव्हती.

आतापर्यंतचं जरा गोळा करतो मग पुढं जातो. जवानाला शेवट सांगू नका. त्याला साल, गाव आणि वाचणारी माणसं द्या. व्यर्थतेचा शब्द त्याच्या तोंडी घालण्याऐवजी तारखा आणि घटना शेजारी-शेजारी ठेवा. मामांकडून माहिती घ्या.

आता याला एक मोठा अपवाद आहे. काही पत्रं खरंच शेवटची म्हणूनच लिहिलेली असतात. हल्ल्याच्या आधी लिहून सोबत्याकडे द्यायची, मी परत आलो नाही तर घरी पोचव. कारगिलमध्ये राजपुताना रायफल्सचे कॅप्टन विजयंत थापर यांचं असं पत्र सगळ्या देशानं वाचलंय. वय २२, जून १९९९ च्या शेवटी गेले, वीरचक्र मिळालं. त्या पत्रात अभिमान आहे, देश आहे, सोबत्यांच्या बलिदानाबद्दल आदर आहे, आणि ते सगळं खरं आहे, त्याला खोटं म्हणायचा मला किंवा तुम्हाला हक्क नाही. तुम्ही अशा पत्रावर लिहिणार असाल तर त्याचा अभिमान कापून तिथं स्वतःचा युद्धविरोध चिकटवू नका, मामांचा राग अशा ठिकाणी शंभर टक्के बरोबर ठरेल. पण त्याच पत्रात अजून एक गोष्ट आहे. अनाथाश्रमाला पैसे द्या म्हणून सांगितलंय, आणि एका लहान मुलीला महिन्याला ५० रुपये देत होते ते चालू ठेवा म्हणून आईवडलांना सांगितलंय. मरायला निघालेला बावीस वर्षांचा मुलगा महिन्याच्या ५० रुपयांची सोय लावून जातोय. म्हणजे शेवटचं आहे हे माहीत असलेलं पत्रसुद्धा शेवटी घरच्या कामांशीच येतं. अशा पत्राच्या कवितेत भाषा ‘जर-तर’ची होईल, सूचनांची होईल, हे द्या, ते विकू नका, त्याला सांगा. तुमच्या दोन ओळी या प्रकाराच्या जवळ जातात खऱ्या, पण त्यात एकही काम सांगितलेलं नाही, फक्त भावना सांगितलीय.

अलीकडचं लिहिणार असाल तर कृपा करून जबरदस्तीनं आंतरदेशीय पत्र आणू नका. कारगिलपर्यंत पत्रं होती, पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ (म्हणजे लष्कराचं टपाल ऑफिस), आणि घरच्यांना त्यावरून तो कुठल्या डोंगरावर आहे ते कळायचं नाही. तो पत्ता स्वतःच कवितेची ओळ आहे, त्यात गावाचं नावच नाही. आज पोस्टवर नेटवर्क असेल तेव्हा फोन येतो, व्हॉइस मेसेज येतो, आणि नसेल तेव्हा घरून पाठवलेल्या मेसेजला एकच टिक राहते. तुम्ही आजच्या जवानावर लिहिताय की तुमच्या आजोबांच्या पिढीतल्या, ते आधी ठरवा, कारण सगळ्या वस्तू त्यावर ठरतील.

एका ठिकाणी फार लोक अडखळतात म्हणून सांगतो, शत्रूकडचं पत्र. कवितेच्या मध्ये शत्रूच्या खिशातही असंच पत्र सापडलं, त्यातही आईच होती, असा प्रसंग जवळपास प्रत्येक दुसऱ्या कवितेत येतो. भावना योग्य आहे, पण प्रसंग इतका वापरलेला आहे की वाचक पुढचं आधीच ओळखतो. आणायचंच असेल तर आईच्या ऐवजी त्या पत्रात सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब असू द्या.

तिसरा प्रश्न, छंद. पत्राची बाजू मुक्तछंदात, नव्हे सरळ गद्यातच लिहा असं मी सुचवीन, पत्राचे ठरलेले शब्द हाच त्याचा छंद असतो, नमस्कार विनंती विशेष पासून कळावे लोभ असावा पर्यंत. मात्र घराची बाजू, पत्र ऐकणाऱ्या बाईची, ती ओवीत लिहून बघा. जात्यावर बसून लढाईवर गेलेल्या भावाबद्दल, नवऱ्याबद्दल बायकांनी मनातलं बोलायची आपल्याकडे जुनी रीत आहे, सोप्यात जे बोलता येत नव्हतं ते पहाटे जात्याशी बोललं जायचं. साधारण अशी चाल:

बंधवाचं पत्र आलं दुपारच्या पारी,
वाचाया न्हाई कुनी, पोर गेलं शाळंघरी.

पोर शाळेतून येईपर्यंत ती पत्र हातात धरून बसलीय, आणि ते तारेच्या आधी आलंय की नंतर ते तुम्ही ठरवायचं. त्या काळी तार काही दिवसांत यायची आणि बोटीनं येणाऱ्या पत्राला महिनाभर लागायचा, त्यामुळं माणूस गेल्याची खबर आधी आणि त्याचं ‘मी खुशाल आहे’ मागाहून, असं अगदी घडू शकायचं. एक पत्र गद्यात, एक ओवी, पुन्हा पत्र, पुन्हा ओवी, असं आलटून-पालटून बांधलं तर वाचकाला दोन्हीकडचं माहीत होतं आणि त्या दोघांना एकमेकांचं नाही. लांबी फार वाढवू नका, तीन पत्रं आणि तीन ओव्या पुष्कळ झाल्या.

पुढचा ड्राफ्ट झाला की इथंच टाका, वर साल आणि पलटण लिहा, आणि मामांनी पेन बदलण्यासारखं काही सांगितलं असेल तर ते कवितेत आलं नसलं तरी खाली वेगळं लिहा.